सात नंबरचा तांबडा दिवा

खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे डॉक्टर म्हणत, आणि ते त्याला आवडायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसरा इंजेक्टर." दहातल्या नऊ वेळा तिसराच इंजेक्टर निघायचा. पुढे इंजिनांमध्ये कॉम्प्युटर आले. गाडी बंद पडली की कारण आकड्यांत सांगू लागली. तेव्हा पन्नाशीला टेकलेला हा गडी लॅपटॉपही शिकला, आणि शिकला तोही असा की कंपनीचा इंजिनिअर आला तर तोच ह्याच्या खांद्यावरून बघायचा. एकूण काय, त्याच्या हाताला यश होतं आणि तोंडाला कुलूप नव्हतं.

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच खाणीत सात नंबरचा डंपर चालवायचा. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. प्रत्येक वाक्याला 'बहुतेक' जोडायची त्याची सवय, म्हणून त्याचं नाव बहुतेक पडलं. "जेवलास का रे?" "जेवलो बहुतेक." "लग्न करायचंय का?" "करायचंय बहुतेक." आईबाप गेल्यावर तो बहिणीकडे राहायला आला तो सोळा वर्षं तिथेच राहिला. घरात कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाणी भरायचा, बहिणीला निवडणं-टिपणं करून द्यायचा, दाजी घरी आले की ओट्यावरून उठून बाजूला उभा राहायचा. अशा माणसाचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं.

पण डॉक्टरला त्याचा राग होता, आणि त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी एका लोडरजवळून जाताना बहुतेक थबकला आणि म्हणाला, "दाजी, हिचा टर्बो रडतोय बहुतेक." डॉक्टरने त्याच सकाळी ते इंजिन तपासून चांगलं म्हणून सांगितलं होतं. सगळे हसले. चौथ्या दिवशी टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, बेअरिंग गेलं आणि पात्यांचा भुगा इंजिनात उतरला. त्यावर मॅनेजर चारचौघांत बोलून गेला, "डॉक्टर, मेहुण्याला कंपाउंडर म्हणून ठेवा. तुमच्यापेक्षा त्याचा कान बरा आहे." मॅनेजर ते त्याच दिवशी विसरला. डॉक्टर विसरला नाही.

तर ही खाण डोंगरात. दगड वरच्या टप्प्यावर निघायचा आणि तो फोडणारा क्रशर खाली, वर्कशॉपच्या शेजारी. भरलेले डंपर तीन वळणांच्या उतारावरून दिवसभर खाली यायचे. पावसाळा सरल्यावर सात नंबर त्या उतारावर बंद पडायला लागला. तांबडा दिवा लागायचा, बझर वाजायचा आणि तीस सेकंदांनी इंजिन स्वतःला बंद करायचं. ते त्याने स्वतःच्या भल्यासाठी करायचं असतं. थंड करणारं पाणी संपलं, तेलाचा दाब उतरला, तर जळून जाण्यापेक्षा थांबलेलं बरं, अशी ती सोय. पण इंजिनाचं भलं आणि उतारावर बसलेल्या माणसाचं भलं एकच असतं असं नाही. इंजिन मेलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं, उतारावर गाडी मागे ओढून धरणारा इंजिन ब्रेक जातो आणि उरतो तो टाकीतल्या हवेचा साठा, दोनचार वेळा ब्रेक दाबण्यापुरता. बहुतेक सावध गडी होता. दिवा लागला की तो लगेच वेग उतरवायचा, कडेच्या मातीच्या बांधाला चाक टेकवायचा आणि मगच इंजिन बंद होऊ द्यायचा. मागे डंपरांची रांग लागायची, क्रशर रिकामा घरघरत राहायचा आणि मॅनेजरचा फोन खणखणायचा.

सातव्यांदा असं झालं तेव्हा डॉक्टरने गाडी वर्कशॉपच्या पटांगणात घेतली आणि लॅपटॉप जोडला. भोवती ड्रायव्हर, फिटर, वेल्डर, मशिनींवर नंबर घालणारा रंगारी, असे पंधराएक जण चहाचे पेले घेऊन जमले.

"कोड एकशे अकरा," डॉक्टरने वाचलं. "पाण्याची पातळी कमी." त्याने टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि ओलं बोट सगळ्यांना दाखवलं. "काठोकाठ आहे. काय हो साहेब, पाणी कमी होतं का?"

"होतं बहुतेक," मेहुणा म्हणाला. "म्हणजे दिवा लागला होता."

"दिवा लागला होता, की बहुतेक लागला होता?"

पटांगण हसलं. मेहुणाही थोडा हसला, कारण न हसून करणार काय.

खरं तर टाकीत पाणी न भरता पाणी परत आलं, हे कुठल्याही नवशिक्याला खटकलं असतं. डॉक्टरलाही खटकलं. पाणी पुरेसं असताना कोड येतो आणि जातो, म्हणजे दोष पाण्यात नाही, वायरीत. कुठेतरी वायर ताणली जाते, क्षणभर सुटते आणि कॉम्प्युटरला वाटतं टाकी कोरडी झाली. मग करायचं काय, तेही त्याला पाठ होतं: सेन्सरपासून वायरिंग हाताने चाचपत यायचं, हिसके देऊन बघायचं, आणि सापडलं नाही तर लॅपटॉप मांडीवर घेऊन भरलेल्या गाडीतून ड्रायव्हरसोबत उतार उतरायचा. अर्ध्या दिवसाचं काम. त्याने कोड पुसला, रिकामी गाडी पटांगणात दोन चकरा फिरवली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'दोष आढळला नाही'.

त्या संध्याकाळी जेवताना मेहुण्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. बायको वाढत होती.

"दाजी, मी लिहून ठेवलंय. सातही वेळा गाडी भरलेली होती. सातही वेळा दुसऱ्या वळणाच्या अलीकडे, इंजिन ब्रेक लावल्यावर. रिकामी असताना एकदाही नाही." एवढ्या लांब बोलण्यात त्याने एकदाही बहुतेक म्हटलं नाही, हे बायकोच्या लक्षात आलं. "तुम्ही उद्या एक फेरी माझ्यासोबत बसलात तर तुम्हाला कळेल."

डॉक्टरने कागद हातात घेतला. अक्षर गोल होतं आणि तपशील इतका नेमका, की एखाद्या इंजिनिअरने लिहावा. इंजिन ब्रेक लावला की इंजिन आपल्या बैठकीवर मागे रेलतं. तिथेच वायर ताणली जात असणार. दोष जवळजवळ त्याच्या हातात आणून ठेवला होता. त्याला टर्बो आठवला, मॅनेजर आठवला, आणि उद्या हाच कागद पटांगणात हातोहात फिरेल तो देखावा डोळ्यांपुढे आला.

"मी तुझ्यासोबत बसू?" तो म्हणाला. "मला अजून जगायचंय. तू उतारावर पेंगतोस आणि जाग आली की दिव्याचं नाव सांगतोस, हे काय मला कळत नाही?" त्याने कागद ताटाखाली सारला. ओल्या ताटाने शाई पसरली.

"अहो, एक फेरी बसायला काय जातं तुमचं?" बायको म्हणाली.

"डोक्यावर बसवून ठेवलंयस, तेवढं पुरे."

मेहुण्याने ताटावरून उठून हात धुतले. पुन्हा तो विषय त्याने घरात काढला नाही.

पुढच्या आठवड्यात सात नंबर आणखी दोनदा थांबला. मॅनेजर स्वतः वर्कशॉपमध्ये आला. त्याने डॉक्टरला विचारलं, गाडीत दोष आहे का? डॉक्टरने रजिस्टर पुढे केलं. मॅनेजर मेहुण्याकडे वळला. "आणखी एकदा विनाकारण गाडी थांबवलीस तर डंपरवरून उतरायचं आणि दगड निवडायच्या पट्ट्यावर उभं राहायचं. कळलं?"

"कळलं."

"बहुतेक कळलं," कुणीतरी मागून म्हणालं.

मॅनेजर गेल्यावर मेहुणा डॉक्टरजवळ आला. त्याचा आवाज खाली होता, पण पटांगणात सगळे कान टवकारून होते. "दाजी, दिवा लागला तर मी काय करू? तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

डॉक्टर जॅकचं हँडल पुसत होता. पंधरा तोंडं आपल्याकडे वळलीत हे त्याला दिसत होतं, आणि अशा वेळी त्याच्या जिभेला नेहमीच धार यायची.

"दिवा लागला की डोळे मिट," तो म्हणाला. "आणि चालवत राहा. दिव्याला तुझी सवय झालीय, बघणारं कुणी नसलं की आपोआप विझेल."

लोक पोट धरून हसले. रंगाऱ्याला भलताच चेव चढला. जेवणाच्या सुट्टीत त्याने सात नंबरच्या दारावर, नंबरच्या खाली, पिवळ्या रंगात ठसठशीत 'बहुतेक' लिहून टाकलं. संध्याकाळी मेहुणा त्या दारापुढे जरा उभा राहिला, मग चढून आत बसला.

त्यानंतर तीन दिवसांनी, सकाळचे अकरा वाजले असतील. डॉक्टर एका पंपाचं झाकण आवळत होता. उतारावरून भरलेला डंपर येत होता, आणि इंजिन ब्रेकची ती खोल गुरगुर वर्कशॉपच्या पत्र्यांत घुमत होती. दिवसातून शंभर वेळा कानी पडायची ती, तिच्याकडे कुणी लक्ष देत नसे. मग ती थांबली. गिअर बदलताना थांबते तशी उतरत गेली नाही. सुरीने कापावी तशी तुटली. डॉक्टरचा हात पान्यावरच राहिला. एवढ्या कानवाल्या माणसाला काय झालं ते सांगायला लॅपटॉप लागणार नव्हता. चारपाच सेकंद काहीच ऐकू आलं नाही. मग दगड सांडल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ येत राहिला.

सात नंबर दुसरं वळण न घेता बांध फोडून खालच्या टप्प्यावर आडवा पडला होता. केबिनची पुढची बाजू आत चेपली होती आणि मेहुण्याचा उजवा पाय स्टिअरिंगच्या खांबाखाली अडकला होता. डिझेल सांडलेलं, त्यामुळे गॅस कटर लावायची सोय नव्हती. जॅक लावून लोखंड इंच इंच उचलायचं होतं, आणि ते काम डॉक्टरइतकं सफाईने कुणाला येत नव्हतं. तो केबिनमध्ये पालथा झोपला. त्याचं तोंड मेहुण्याच्या तोंडापासून वीतभरावर होतं. मेहुणा शुद्धीवर होता.

"दाजी," तो म्हणाला, "दिवा लागला होता."

"बोलू नकोस."

"मी नाही बघितलं. तुम्ही सांगितलं होतं तसं. चालवत राहिलो."

डॉक्टर जॅकचं हँडल मारत राहिला. त्याला सोडवायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मेहुण्याने दोनदा विचारलं की गाडीचं फार नुकसान झालं का.

पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने डॉक्टरला सांगितलं, "वरच्या ऑफिसातून चौकशीला दोघे येतायत. गाडी ओढून आणा आणि कॉम्प्युटरमधली नोंद काढून ठेवा." गाडी पटांगणात आली. जेवणाची सुट्टी होती, आसपास कुणी नव्हतं. डॉक्टर इंजिनाखाली शिरला, आणि दहा मिनिटांत त्याला हवं होतं ते सापडलं. इंजिनाच्या मागच्या बैठकीचं रबर मधोमध चिरलेलं. चिरेच्या कडा काळवंडून गुळगुळीत झाल्या होत्या. कालची चीर नव्हे, महिनाभरापूर्वीची. त्यावरून जाणारी वायर बोटभर लांबीत घासून उघडी पडली होती, आतली तांब्याची तार केसाएवढी उरली होती. इंजिन मागे रेललं की ती सुटायची, पुढे आलं की जुळायची. भरलेली गाडी, इंजिन ब्रेक, दुसरं वळण. कागदावर लिहिलं होतं तसंच.

तो बराच वेळ पाठीवर पडून होता. मग त्याने खिशातून कातर काढली, घासलेला तुकडा कापून टाकला, नवीन तुकडा जोडला, वरून टेप गुंडाळली आणि टेपला बोटाने काळं ग्रीस फासलं, म्हणजे जुनी दिसावी. रबराचं काही करता येण्याजोगं नव्हतं. ते अपघातात फाटलं म्हणता आलं असतं. जुना तुकडा त्याने जळक्या तेलाच्या पिंपात टाकला. बाहेर आला तेव्हा रंगारी डंपरच्या दाराशी होता. कुणी सांगितलं नसताना तो पिवळ्या अक्षरांवर पिवळाच रंग फासून ती बुजवत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही आपापल्या वाटेने गेले.

चौकशीला आलेले दोघे सभ्य होते. त्यांनी नोंदीचा कागद टेबलावर पसरला. तांबडा दिवा लागला, वेळ अमुक. इंजिन बंद, तीस सेकंदांनंतर. मधल्या वेळात ब्रेकवर पाय: नाही. इंजिनाने सगळं इमानदारीने लिहून ठेवलं होतं. दिवा बघू नकोस असं कुणी सांगितलं, याची नोंद ठेवायला त्यात सेन्सर नव्हता. त्यांनी वर्कशॉपमधल्या एकेकाला बोलावून विचारलं. पंधरा जणांनी ते वाक्य ऐकलं होतं, पंधराही जणांना काही आठवेना. आठवलं असतं तर आपण हसलो होतो हेही आठवावं लागलं असतं.

मग ते दवाखान्यात गेले. डॉक्टर खाटेच्या उशाशी उभा होता, पायथ्याशी बायको.

"दिवा लागल्यावर तुम्ही गाडी का थांबवली नाही?" एकाने विचारलं. "याआधी नऊ वेळा थांबवली होती."

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तिने पदर गळ्याशी घट्ट धरला होता.

"माझं लक्ष नव्हतं," तो म्हणाला.

"तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं?"

"नाही."

डॉक्टरच्या छातीवरचं ओझं त्या एका शब्दाने उतरलं. त्याला हलकं वाटलं, चक्क भूक लागली, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही. लाज पुढे कधीतरी वाटेल असं त्याला वाटलं होतं. अहवालात चालकाचा निष्काळजीपणा असं आलं. मेहुण्याची नोकरी गेली.

तो घरी आला तेव्हा बायकोने बाहेरच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं. खाणीच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या बाईने तिला आदल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं: पटांगण, पंधरा जण, डोळे मिट. तिने आदळआपट केली नाही. डॉक्टर कामावरून आला तेव्हा तिने गरम पाण्याचं पातेलं, कापूस आणि पट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या.

"पट्टी तुम्ही बदलायची," ती म्हणाली. "रोज. मला ते बघवत नाही, आणि तुमचा हात चांगला आहे."

"नर्स येईल ना."

"तुम्हीच."

बस्स, एवढंच. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. सोबत राहिली, ताट वाढत राहिली. पण 'अहो' म्हणून हाक मारायची ती बंद झाली. त्याला सांगायचं असेल ते ती भिंतीकडे बघून सांगायची.

रोज संध्याकाळी डॉक्टर गुडघ्यांवर बसायचा आणि पट्टी सोडायचा. मेहुणा उशीला टेकून, ओठ दाबून, त्याला मदत व्हावी म्हणून मांडी दोन्ही हातांनी वर धरायचा. जखम सुकायला चार महिने लागले. तिसऱ्या महिन्यात एकदा त्याने विचारलं, "दाजी, सात नंबरचं पुढे काय झालं?"

"चालू आहे. दुसरा ड्रायव्हर आहे."

"बंद पडते?"

"नाही पडत."

मेहुण्याने मान वर केली. "मग दोष सापडला तर. काय निघालं?"

त्याच्या आवाजात दुसरं काही नव्हतं, नुसती उत्सुकता. ज्याने महिनाभर एक कोडं कागदावर मांडलं त्याला उत्तर हवं होतं, एवढंच. वायर म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याला कळलं असतं की आपला कान, आपली आठवण, आपलं गोल अक्षर खोटं नव्हतं. आतल्या दारात बायको उभी राहिली होती.

"काही निघालं नाही," डॉक्टर म्हणाला. "सगळं तपासलं. गाडी ठीकच होती."

"ठीक होती?"

"हो."

मेहुण्याने मान हलवली. सावकाश, दोनतीनदा. "मग माझंच काहीतरी चुकत असणार," तो म्हणाला. "मलाच तसा भास व्हायचा." डॉक्टरने नवी पट्टी गुंडाळली आणि टोक नीट खोचलं. बायको आत निघून गेली.

त्यानंतर मेहुणा बदलला. आधी तो कमी बोलायचा, आता विचारल्याशिवाय बोलेनासा झाला. चहा गोड आहे का, असं बहिणीने विचारलं तर तिच्याच तोंडाकडे बघायचा, जणू तेही तिनेच ठरवायचं होतं.

कृत्रिम पाय बसल्यावर महिनाभराने मॅनेजरचा निरोप आला. नवे ड्रायव्हर भरती झालेत, त्यांना सुरक्षेवर चार शब्द सांगायचेत. पुस्तकातलं ऐकून कोण शहाणं होतंय, तुमच्या मेहुण्याला घेऊन या, त्याच्याकडे बघून धडा घेतील. डॉक्टरला वाटलं तो नाही म्हणेल. तो हो म्हणाला. बहिणीने त्याचा सदरा इस्त्री करून दिला आणि आतून कडी लावून घेतली.

वर्कशॉपच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे नवे ड्रायव्हर, मागे जुने, रंगारी, वेल्डर, वजनकाट्यावरची बाई. दोन उलट्या क्रेटवर फळ्या टाकून व्यासपीठ केलं होतं. मेहुण्याला चढता येईना, तेव्हा डॉक्टरने त्याच्या काखेत हात घालून त्याला वर घेतलं आणि पडू नये म्हणून शेजारी कोपर धरून उभा राहिला. मॅनेजरने मेहुण्याला पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितलं. त्याने केली.

"तांबडा दिवा लागला की थांबायचं," मेहुणा म्हणाला. आवाज स्पष्ट होता. "मी थांबलो नाही. गाडीत दोष नव्हता. मला उगाच संशय यायचा, सगळ्यांना त्रास दिला, आणि खरी वेळ आली तेव्हा लक्ष दिलं नाही. वर्कशॉपच्या माणसांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. ते सांगतील तसं करा."

मागच्या रांगेत कुणी हललं नाही. नव्यांतल्या एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. वजनकाट्यावरची बाई उठून बाहेर गेली. मॅनेजरने डॉक्टरच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, दर भरतीला याला आणत जा, पोस्टरपेक्षा बरं काम होतं.

परतताना जीपमध्ये मेहुणा पुढच्या सीटवर बसला होता. त्याने पँट खाली ओढून सारखी केली. वर्कशॉपचं फाटक मागे पडल्यावर त्याने विचारलं, "बरं बोललो ना, दाजी? काही चुकलं तर नाही ना?"

डॉक्टरचे डोळे रस्त्यावर होते.

"बरं बोललास," तो म्हणाला.